वीस मोजेपर्यंत

मी एक जुनी रायफल आहे, आणि मित्रांनो, तुम्ही घाबरण्याआधीच सांगते, माझं पोट रिकामं आहे. सध्या मी एका पोलीस ठाण्याच्या कोठीत भिंतीला टेकून उभी आहे. गळ्यात सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे. शेजारी गंजलेल्या दोन तलवारी आणि एक मोडकी सायकल आहे. सायकल फार बोलकी आहे, पण तिच्या गोष्टीत दम नाही. म्हणून मी माझीच सांगते.

सव्वाशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी नळी आठपैलू आहे आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. चापाखाली बोटं घालायला एक लोखंडी कडी आहे. कडी खाली ओढून वर घेतली की खट्-खटाक आवाज होतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि दुसरं जागेवर येऊन बसतं. साध्या बंदुकीला एक गोळी झाडून झाली की पुन्हा भरेपर्यंत दम घ्यावा लागे. मला नाही लागायचा. तरुणपणी मला याचा फार तोरा होता.

एका कापसाच्या जिनिंग प्रेसच्या गोऱ्या मॅनेजरबरोबर मी वऱ्हाडात आले. सत्तेचाळीस साली साहेब गाशा गुंडाळून निघाला, तेव्हा त्याने मला प्रेसच्या मिस्त्रीला विकलं. मिस्त्री लोणार तालुक्यातल्या बीबीचे. घरी वीस एकर शेती होती. हरणं आणि डुकरं पीक खातात म्हणून त्यांना माझा परवाना मिळाला. साहेबाने माझ्यासोबत काडतुसांच्या तीन पेट्या दिल्या होत्या. माझ्या मापाची काडतुसं पुढे इकडे मिळेनाशी झाली, म्हणून मिस्त्रीबाबा त्या पेट्या जिवापाड जपत. पितळेची जाड काडतुसं आणि पुढे शिशाचं बोथट नाक. बाबा एकेक काडतूस धोतराच्या सोग्याने पुसून ठेवायचे.

बाबांना दोन मुलगे. थोरला फकीर मोहम्मद आणि त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान नौशाद. फकीरची नजर घारीची. बाबांनी हळूहळू मला त्याच्या खांद्याला दिलं. नौशादला माझ्यात काही गोडी नव्हती. त्याचा जीव क्लॅरिनेटमध्ये. गावच्या बँडमध्ये तो वाजवायचा, आणि लग्नाच्या वरातीत त्याने सूर धरला की नवरदेवाचा घोडासुद्धा कान टवकारायचा, असं लोक म्हणत. पण शिकारीला त्याला यावंच लागे, कारण त्याच्याइतकं जोरात कोणी पळत नसे. मुसलमान घरात जनावर जिवंत असतानाच, अल्लाचं नाव घेऊन, त्याच्या गळ्यावर सुरी फिरवावी लागते. आधीच मेलेलं जनावर खाता येत नाही. म्हणून हरीण पडलं रे पडलं की नौशाद सुरी घेऊन वाऱ्यासारखा सुटायचा.

तिसरा गडी होता नीळकंठ. गावातल्या शाळेत नुकताच लागलेला मास्तर. घरी अंड्याचं टरफलही चालत नसे, तरी शिकारीला सगळ्यात आधी हजर. लोक चिडवायचे, "गुरुजी, खात तं नाही, मंग कायले जाता?"

"मोजाले जातो," गुरुजी म्हणायचे.

ते खरंच होतं, मित्रांनो. काडतुसं जुनी. दर पावसाळ्यात त्यांना ओल धरायची. मग कधीकधी चाप ओढला की घोडा नुसता टक करून आपटे आणि बार निघत नसे. पण काडतूस मेलंच असेल याचा भरवसा नाही. आत दारू धुमसत असते आणि चार-सहा श्वासांनी अचानक बार उडतो. अशा एका बारात मिस्त्रीबाबांचा अंगठा जाता जाता वाचला होता. तेव्हापासून त्यांनी नियमच घातला. टक झालं की माझं तोंड समोरच धरायचं. कोणी हलायचं नाही. एकाने मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं आणि फक्त वीस तेवढं मोठ्याने म्हणायचं. वीस ऐकलं की उठायला मोकळे. बाबा म्हणायचे, "विसानंतर काडतूस मुर्दा हाये." फकीरचं सारं ध्यान हरणावर असे आणि नौशाद गाण्याच्या ठेक्यात मोजे. म्हणून मोजणी शाळामास्तरकडे आली.

काय दिवस होते ते! खोटं कशाला बोलू, मला अजून त्यांची आठवण येते. पहाटेच्या थंडीत फकीरच्या गालाची ऊब माझ्या दस्त्याला लागायची. हरभऱ्याच्या रानावर दव असायचं आणि त्या आंबट वासात माझ्या तेलाचा वास मिसळायचा. धुक्यातून कळप पुढे यायचा. मागे माद्या, कडेला पिळदार शिंगांचा काळवीट. बार झाल्यावर जळलेल्या दारूचा धूर रानावर रेंगाळायचा. संध्याकाळी अर्ध्या गावात वाटे जायचे आणि कडीवालीचं नाव निघायचं. मला गावात कडीवालीच म्हणत.

पण एक गोष्ट मी तेव्हा बघत नव्हते. बार झाला की मी माझ्या कौतुकात असायचे, आणि हरीण मातीत पाय झाडत असायचं. नौशाद मात्र सुरी फिरवण्याआधी दरवेळी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचा. फकीर त्याला हसायचा.

मग एकाहत्तरचा हिवाळा आला. सुलतानपूरच्या वाटेवर एका बांधाआड तिघं पालथे पडले होते. सूर्य नुकताच वर आला होता. नौशाद माझ्या तोंडाच्या थोडा पुढे, उजवीकडे, पळायच्या तयारीत. गुरुजी माझ्या दस्त्याला चिकटून. साठ-सत्तर पावलांवर काळवीट उभा. एवढा मोठा काळवीट त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. फकीरने अल्लाचं नाव घेतलं, चाप ओढला.

टक.

गुरुजी माझ्या कानाशी पुटपुटू लागले. एक, दोन, तीन, चार. काळविटाने मान वर केली. पाच, सहा. त्याने एक पाय उचलला. आता तो पळणार, हे तिघांनाही दिसत होतं. एकदा कडी ओढून दुसरं काडतूस आत घेतलं असतं तर तो हातचा होता. फकीर ओठ न हलवता म्हणाला, "गुरुजी, लवकर!"

सात, आठ, नऊ. "वीस!"

नौशाद उठला. त्याला वीस ऐकू आलं होतं, म्हणून उठला. त्याचं डोकं माझ्या तोंडाशेजारी आलं आणि माझ्या पोटातलं ते काडतूस तेव्हा पेटलं.

गोळी कुठेच लागली नाही. काळवीट चार उड्यांत दिसेनासा झाला. नौशाद गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही तळवे कानांवर दाबून आमच्याकडे बघत होता. त्याच्या उजव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर येत होती. "वाजवा ना," तो म्हणत होता, "काही तरी वाजवा ना." फकीर त्याला गदागदा हलवत त्याचं नाव घेऊन ओरडत होता, आणि त्याला काही कळत नव्हतं.

घरी आल्यावर मिस्त्रीबाबांनी विचारलं, कसं झालं. फकीर खाली बघत राहिला. नौशादच ओरडून सांगू लागला की मी वीस ऐकूनच उठलो. बाबा संतापले. "शाळेचा मास्तर वीसपर्यंत मोजाले चुकन का बे? विसानंतर काडतूस उडत नसते. तूच घाई केली!" नौशादला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण बापाचं उगारलेलं बोट त्याला कळलं. त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मूग गिळून बसले होते. नौशादने मान खाली घातली. हळूहळू त्यालाही वाटू लागलं की चूक आपलीच.

मित्रांनो, अळीमिळी गुपचिळी हा खेळ तुम्ही खेळता ना? घटकाभरात कोणी तरी हसतं आणि खेळ मोडतो. या दोघांनी तो चौपन्न वर्षं खेळला. गुरुजींना वाटे, मी नवावरून विसावर उडी मारली हे कळलं तर शाळेत कोणत्या तोंडाने उभा राहू. फकीरला वाटे, घाई मी करायला लावली हे अब्बांना कळलं तर ते कडीवालीला हातात धरू देणार नाहीत. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता मिस्त्रीबाबा गेले. जाईपर्यंत ते धाकट्या लेकाला हूड आणि अविचारी म्हणत राहिले.

नौशादचा उजवा कान त्या दिवशीच गेला. डाव्यात सतत शिटी वाजत राहिली आणि चार-पाच वर्षांत तोही बंद झाला. त्याने स्पष्ट ऐकलेला शेवटचा आवाज माझा होता. मला सगळं सोसतं, हे सोसत नाही. क्लॅरिनेट त्याने गुंडाळून माळ्यावर टाकलं. बँड मात्र सुटला नाही. त्याच बँडच्या वरातीत तो डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचा. पुढे बाकीचे वाजवायचे आणि हा वाजवणाऱ्यांच्या बोटांकडे बघत उजेड धरायचा.

पुढच्याच वर्षी सरकारने शिकारबंदीचा कायदा केला. बरं झालं. आता बीबीच्या आसपास सोयाबीनच्या रानात हरणांचे कळप बिनघोर चरतात, आणि शेतकरी त्यांना हाकलता हाकलता मेटाकुटीला येतात. मी भिंतीवर टांगली गेले. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेव्हा मला खाली काढत, गुरुजी अर्ज लिहीत आणि मी महिना-दोन महिने ठाण्यात राहून परत येई. माझं माहेरपणच म्हणा ना.

जमा करायच्या आदल्या दिवशी ओट्यावर मैफल जमायची. फकीर आणि गुरुजी जुन्या शिकारी काढायचे. दरवेळी काळविटाची शिंगं वीतभर वाढायची. "ते मोताळ्याच्या पाहुण्यानं पाह्यलेलं हरीन आठवते का, गुरुजी? एका गोळीत!" गुरुजी मान डोलवायचे. समोर बसून नौशाद तेलाच्या फडक्याने मला पुसत असायचा. हो, मला नेहमी तोच पुसायचा. दोघांचे हलणारे ओठ बघून तो मधूनच हसायचा. सगळ्या शिकारी निघायच्या, फक्त ती एक निघायची नाही. ती जवळ आली की गुरुजी चहा मागायचे.

नौशादला काही सांगायचं असलं की घरातले पाटीवर लिहायचे. दाराजवळच्या खिळ्याला ती पाटी कायम टांगलेली असे. फकीरच्या मुलाची बायको आसमा तिच्यावर लिहायची, "दळण आणा", "चहा झाला". चौपन्न वर्षांत त्या घरातल्या पाटीवर हजार गोष्टी लिहिल्या गेल्या.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा निवडणूक लागली. फकीर मोहम्मद आता ऐंशीच्या पुढे गेले होते. डोळ्यांत पडदा, हातांना कंप. त्यांचा मुलगा जावेद बाजारात कापडाचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "अब्बा, यावेळी कायमची जमा करून टाकू. मले नाही पाह्यजे तो परवाना. घरात ठेवून करता काय?"

फकीर म्हणाले, "गुरुजीले बोलाव. अर्ज तेच लिहितीन."

कायमची जमा झालेली बंदूक पुढे भट्टीत जाते. हे मला ठाऊक होतं आणि फकीरलाही. मला वितळायचं भय वाटलं नाही, मित्रांनो. भय वेगळंच होतं. त्या पहाटेची मोजणी ऐकणारे तिघंच होते. दोन म्हातारे, आज आहेत उद्या नाहीत. आणि तिसरी मी, जिला तोंड आहे पण बोलता येत नाही. आम्ही गेलो की नौशाद स्वतःला दोष देतच मरणार होता.

सकाळी दहाच्या सुमारास गुरुजी काठी टेकत आले. ओट्यावर बसून त्यांनी कागद मांडीवर घेतला. नौशाद नेहमीसारखा मला पुसायला बसला. नळी पुसली, कडी पुसली. एकदा कडी हळूच खाली ओढून वर घेतली. खट्-खटाक. त्याला ते ऐकू येत नव्हतं, पण तळहाताला जाणवलं असावं, कारण तो थोडा वेळ तसाच थांबला.

"शस्त्र कायमचे जमा करण्याबाबत," गुरुजी लिहिता लिहिता म्हणाले. "कारण काय टाकू, फकीरभाई?"

"वय टाका. नजर टाका."

इतक्यात नौशादने मान वर केली. बहिऱ्या माणसाचा आवाज चढा असतो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हिले कायले शिक्षा देऊन राह्यले? हिची काही चूक नोती. माहीच होती. मीच घाईनं उठलो होतो."

गुरुजींचा पेन थांबला. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. फकीरने भिंतीकडे तोंड फिरवलं. जावेद म्हणाला, "काय झालं, गुरुजी? लिहा ना."

गुरुजी काठीवर भार देऊन उठले आणि दाराजवळ गेले. खिळ्यावरची पाटी काढली. तिच्यावर आसमाने "पाणी आलं" असं लिहिलं होतं. ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि खाली बसून खडूने लिहू लागले.

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ २०.

पाटी त्यांनी नौशादच्या पुढ्यात ठेवली आणि हात जोडले.

नौशादने मला बाजूला ठेवलं. त्याने एकेका आकड्यावर बोट ठेवत नेलं. नवावर बोट थांबलं. पुढे विसावर गेलं. पुन्हा नवावर आलं. त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मंग मी बराबर उठलो होतो?" त्याने विचारलं.

गुरुजींनी मान डोलावली.

"मीच म्हनलं होतं गुरुजीले, लवकर," फकीर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. मग त्यांना आठवलं की त्याला ऐकू येत नाही. ते वळले, पाटीवर नऊ आणि वीसच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मला वाटलं नौशाद ओरडेल. पाटी फोडेल. मला उचलून अंगणात फेकेल. त्याचा तो हक्क होता. पण तो लहान मुलासारखा पाटीकडे बघत बसला. मग पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात म्हणाला, "अब्बाले सांगाचं होतं ना, गुरुजी. अब्बाले एवढंच सांगाचं होतं. आता त्याहिले कोन सांगन?"

आसमा चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती तशीच उभी राहिली आणि चहा निवून गेला.

दुपारी मला ठाण्यात नेलं. नौशादनेच नेलं. माझ्यासोबत फडक्यात बांधलेली उरलेली काडतुसं होती, साहेबाच्या शेवटच्या पेटीतली. पितळ काळं पडलेलं. जावेद अर्ज घेऊन पुढे होता. गुरुजींना कोणी या म्हटलं नव्हतं, तरी ते काठी टेकत मागून आले आणि ठाण्याच्या दारातच उभे राहिले.

हवालदारांनी मला हातात घेऊन नंबर पाहिला, कौतुकाने एकदा कडी ओढली. मग फडकं सोडून काडतुसं टेबलावर एका रांगेत मांडायला सुरुवात केली. ते मोठ्याने मोजत होते. नौशाद त्यांच्या ओठांकडे बघत होता.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ." हवालदार थांबले. "नऊ नग."

"दहा," नौशाद म्हणाला.

"नऊच हायेत, चाचा."

"अकरा. बारा. तेरा." त्याचा आवाज चढत गेला. आत लिहीत बसलेल्या बाईंनी मान वर केली. जावेदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो थांबला नाही. "चौदा. पंधरा. सोळा." त्याला कसलीच घाई नव्हती. एकेका आकड्यानंतर तो पूर्ण श्वास घेत होता. दारात गुरुजींनी काठी भिंतीला टेकवली आणि ते ताठ उभे राहिले. "सतरा. अठरा. एकोणीस."

तिथे तो थांबला. वळून त्याने गुरुजींकडे पाहिलं आणि वाट बघू लागला.

गुरुजींचे ओठ हलले. "वीस," ते म्हणाले.

नौशादने त्यांच्या ओठांवर ते वाचलं, मान डोलावली आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडला. आता मोजणी पुरी झाली होती. त्याचे कान परत आले नाहीत, क्लॅरिनेट माळ्यावरून उतरलं नाही आणि मिस्त्रीबाबांना काही कळलं नाही. पण जाताना तो गुरुजींची काठी उचलून त्यांच्या हातात द्यायला विसरला नाही. दोघं रस्त्याने हळूहळू गेले. सायकल सांगते की ते वळणापर्यंत सोबत होते. ती खिडकीजवळ आहे, तिला दिसतं.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता पुन्हा जंग चढू लागला आहे. मला तेल लावा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले आणि भरायलाच हवे होते. एवढंच मागते की तुमच्या हातून एखादी चूक झाली आणि तिचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. ज्यांना सांगायचं ते घरात आहेत तोवर सांगा. मला लोखंडाचं तोंड होतं, त्यातून नुसता बार निघाला. तुमचं तसं नाही.